शपथपत्रं वाचणाऱ्यांचे आभार

निवडणुकीतल्या उमेदवारांची माहिती मतदारांपुढे मांडणाऱ्या महाराष्ट्र इलेक्शन वॉच आणि एडीआर (असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स) या संस्थांसाठी उमेदवारांची शपथपत्रं वाचून काढणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार. तुमची नावं आम्हा मतदारांना ठाऊक नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाच्या १३ मार्च २००३ च्या निकालामुळे उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण जाहीर करावंच लागतं. पण नमुना २६ ची, म्हणजे त्या शपथपत्राची, ती स्कॅन केलेली पानं एकदा उघडून पाहा! नोटरीचा शिक्का नेमका आकड्यावर बसलेला, पेनाने लिहिलेली कलमं पुसट, जमिनीचं क्षेत्र कुठे गुंठ्यांत तर कुठे हेक्टरमध्ये. २०२४ च्या विधानसभेला अर्ज माघारीपासून मतदानापर्यंत जेमतेम सोळा दिवस होते. तेवढ्यात तुम्ही दोन हजारांहून जास्त उमेदवारांची शपथपत्रं तपासलीत. आमच्या मतदारसंघाची माहिती मी घरी वाचून दाखवली, तेव्हा आईने प्रत्येकावरचे खटले पुन्हा पुन्हा विचारून घेतले.

कोण निवडून आलं हा भाग वेगळा. पण कुणाला मत देतोय हे माहीत असलं, की निकाल मनापासून मान्य करता येतो. हे तुमच्यामुळे झालं. पुढच्या वेळी नोंदी करायला माणसं कमी पडली तर हक्काने सांगा, मी येईन.