साखर ‘चवीनुसार’ आणि जॅम ‘वर्षभर’, हे एकत्र जमत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरी पिकवलेल्या बेरींचा जॅम कसा करायचा यावर अर्धं पान आलं होतं, फोटो झकास होता, पण रेसिपीत वरती साखर ‘चवीनुसार’ आणि खाली ‘हा जॅम वर्षभर टिकतो’ असं एकाच चौकटीत छापलंय ते काही पटलं नाही म्हणून लिहितेय. चवीनुसार साखर घातलेला जॅम कपाटात वर्षभर टिकत नाही हो, त्याच्यावर बुरशी धरते.

जॅममधली साखर नुसती गोडीसाठी नसते, ती फळातलं पाणी धरून ठेवते. फळाची स्वतःची साखर धरून तयार जॅममध्ये साधारण 65 टक्के साखर असली तर बुरशीला आणि यीस्टला वापरता येईल इतकं मोकळं पाणीच उरत नाही, म्हणून तो टिकतो. शिवाय जॅम घट्ट होतो तो फळातल्या पेक्टिनमुळे, आणि पेक्टिनला त्यासाठी साखर आणि आंबटपणा दोन्ही लागतात. साखर निम्मी केली की जॅम पातळच राहतो, मग माणूस म्हणतो अजून थोडा आटवू, आणि आटवत आटवत रंग तपकिरी होतो, फळाचा वास जातो आणि पेक्टिनही तुटतं, म्हणजे घट्ट व्हायचा तो आणखीच होत नाही. कमी साखरेत सेट होणारं वेगळं पेक्टिन मिळतं, नाही असं नाही, पण त्याने जॅम घट्ट होतो, टिकाऊ होत नाही, बरणी उघडली की फ्रिजमध्ये ठेवून तीनेक आठवड्यांत संपवायची. आणि बुरशी आलीच तर वरचा थर काढून खालचा खायचा हा प्रकार कृपा करून कोणी करू नये, दिसते त्याच्या खालीही ती पसरलेली असते, अख्खी बरणी टाकायची.

दुसरं म्हणजे रेसिपीची सुरुवातच ‘दोन किलो स्ट्रॉबेरी घ्या’ अशी आहे. अहो, ज्यांच्याकडे चार कुंड्या आहेत त्यांना एका दिवशी दोन किलो कुठून मिळणार? आज मूठभर, उद्या पाच-सहा, परवा पक्षी आधी येऊन गेलेले. तुतीचं झाड असेल तर उलटी तऱ्हा, एकदम सडा पडतो आणि काय करू नि काय नको असं होतं. आणि या बेरी तोडल्यावर पिकत नाहीत, फ्रिजमध्ये दोन-तीन दिवसांत माना टाकतात. म्हणून घरच्या बेरींसाठी जॅम की फ्रीजर असा प्रश्नच नाही, आधी फ्रीजर आणि पुरेसं साठलं की जॅम, हेच सोयीचं. लेखात फ्रीजरला शेवटची दीड ओळ दिलीय, ‘उरलेली फळं पिशवीत भरून गोठवा’, तसं केलं तर ओल्या फळांचा एकच दगड तयार होतो आणि मूठभर हवी असली तरी तो वरवंट्याने फोडावा लागतो.

नीट करायचं तर फार काही नाही. फळं धुवायची, पण भिजत नाही ठेवायची, स्ट्रॉबेरीचा देठ धुतल्यानंतर काढायचा नाहीतर आत पाणी शिरतं, तुतीचा हिरवा देठ कात्रीने कापायचा, ओढला तर फळ फाटतं आणि बोटं दिवसभर जांभळी. मग कपड्यावर पसरून अगदी कोरडी करायची (हीच पायरी सगळे गाळतात), ट्रेमध्ये एकमेकींना न चिकटता एका थरात मांडायची आणि रात्रभर फ्रीजरमध्ये. सकाळी गोट्यांसारखी खडखडली की पिशवीत भरून हवा दाबून काढायची, वर तारीख लिहायची. रोजची मूठभर रोज अशीच त्याच पिशवीत जाते. उणे 18 अंशाला आठ ते बारा महिने चव चांगली राहते. एकदम खूप फळं कोंबू नयेत, गोठायला वेळ लागला की बर्फाचे कण मोठे होतात आणि फळाच्या पेशी फाटतात. आणि गोठवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात, त्यामुळे धुणं टाळू नका.

विरघळल्यावर फळ लिबलिबीत होतं हे खरंय, तसंच खायला मजा नाही, पण जॅमला काय फरक पडतो? फक्त चाळणीत विरघळवून रस ओतून देऊ नका, गोठलेली फळं साखरेसकट सरळ पसरट पातेल्यात घाला. गोठवल्याने पेक्टिन थोडं कमी होतं आणि स्ट्रॉबेरीत ते मुळातच कमी, म्हणून पिशवीत चौथा हिस्सा जरा कच्चट फळं असू द्या आणि किलोला दोन-तीन मोठे चमचे लिंबाचा रस घाला. साखर विरघळेपर्यंत मंद आच, नंतर मोठी. थर्मामीटर असेल तर पाणी तुमच्याकडे ज्या अंशाला उकळतं त्याच्या वर चार-पाच अंश, नसेल तर फ्रीजरमध्ये ठेवलेल्या बशीवर थेंब टाकून मिनिटभराने बोट फिरवा, सुरकुती पडली की गॅस बंद. बरण्या दहा मिनिटं उकळून घेतलेल्या हव्यात, जॅम गरम असतानाच भरायचा, वर अर्ध्या सेंटीमीटरहून थोडी जास्त जागा सोडायची, आणि झाकण लावून बरण्या परत दहा मिनिटं उकळत्या पाण्यात बुडवून ठेवायच्या. ही शेवटची पायरी लेखात नव्हतीच.

ज्यांना साखर नकोच आहे त्यांनी बेरी साखरेशिवाय गोठवून ठेवाव्यात, त्यांच्यासाठी तोच खरा मार्ग. तेव्हा पुढच्या रविवारी निदान ती ‘वर्षभर’ची ओळ तरी दुरुस्त करून छापा, पुरवणी कापून स्वयंपाकघरात चिकटवणारे वाचक बरेच आहेत.

आपली,
एक नियमित वाचक