सर्वमान्य माणूस पक्षाध्यक्ष म्हणून का अडखळतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पक्षात भांडणे वाढली की 'एखादा सर्वमान्य चेहरा द्या' अशी मागणी सुरू होते. निवड बहुधा स्वच्छ प्रतिमेच्या, अभ्यासू, सभागृह गाजवणाऱ्या माणसाची होते. दोन-तीन वर्षांत तोच माणूस हतबल दिसू लागतो आणि खापर त्याच्या वयावर, तब्येतीवर किंवा भाषणावर फुटते. माझ्या मते चूक त्याआधीच, निवड करताना झालेली असते.

ज्याने कधी कुणाला काही वाटून दिले नाही, त्याच्यावर कुणाची नाराजी नसते. पक्षाध्यक्षाचे काम मात्र वाटपाचेच आहे. एका जागेला दहा इच्छुक असतील तर एकाला उमेदवारी मिळते आणि नऊ जण दुखावतात. अशा शंभर जागा असतील तर नऊशे दुखावलेली माणसे, त्यांचे पाठीराखे वेगळे. आयुष्यभर गटबाजीपासून दूर राहून मिळवलेला आदर इथे फार तर सहा महिने पुरतो. शिवाय गटबाजीपासून दूर राहिलेल्या माणसाचा स्वतःचा गटही नसतो, त्यामुळे अडचणीच्या बैठकीत त्याच्या बाजूने हात वर करणारे कमी पडतात.

ब्रिटनच्या मजूर पक्षाचे मायकेल फूट यांचे उदाहरण या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखे आहे. उत्तम वक्ता, लेखक, माजी मंत्री, विरोधकांनीही मान द्यावा असा माणूस. नोव्हेंबर १९८० मध्ये खासदारांनी त्यांना डेनिस हिली यांच्याविरुद्ध १३९ विरुद्ध १२९ मतांनी नेता निवडले. ते पक्ष एकत्र ठेवतील, ही त्यामागची मोठी अपेक्षा होती. पण जानेवारी १९८१ मध्ये वेम्बलीच्या विशेष अधिवेशनात नेतानिवडीचा नियम बदलताना कामगार संघटनांना ४० टक्के, खासदारांना ३० आणि मतदारसंघ शाखांना ३० टक्के वाटा ठरला. फूट यांना खासदारांचा वाटा निम्मा हवा होता. नव्या नेत्याचे त्याच्याच अधिवेशनात चालले नाही, हे सगळ्यांनी पाहिले. दोन महिन्यांत चार ज्येष्ठ नेत्यांनी वेगळा पक्ष काढला आणि पुढे मजूर पक्षाचे एकूण २८ खासदार तिकडे गेले. त्याच वर्षी पक्षातल्या डाव्या गटाचे टोनी बेन यांनी उपनेतेपदासाठी उभे राहू नये, असे फूट यांनी सांगून पाहिले. बेन उभे राहिलेच आणि एक टक्क्याहूनही कमी फरकाने हरले.

मला सगळ्यात बोलकी वाटते ती लंडनमधल्या बर्मंडसी मतदारसंघाची उमेदवारी. डिसेंबर १९८१ मध्ये फूट यांनी भर संसदेत सांगितले की स्थानिक शाखेने निवडलेल्या पीटर टॅचेल यांना आपण पक्षाचे उमेदवार म्हणून कधीच मान्यता देणार नाही. स्थानिक शाखेने मात्र पुढे पुन्हा टॅचेल यांनाच निवडले आणि फूट यांना माघार घ्यावी लागली. फेब्रुवारी १९८३ च्या पोटनिवडणुकीत ती हक्काची जागा गेली. नेत्याने जाहीर नकार द्यायचा असेल तर कार्यकारिणीतली मते आधी मोजायची असतात आणि स्थानिक शाखेत पर्यायी नाव तयार ठेवायचे असते. एकदा दिलेला नकार मागे घेतला की पुढच्या नकाराला कुणी भीक घालत नाही. जून १९८३ च्या निवडणुकीत जाहीरनाम्यात अधिवेशनाचे जवळपास सगळे ठराव आले, कारण वगळायचे काय हे ठरवणारा हात उरला नव्हता. मते २७.६ टक्के, जागा २०९.

दुसरी अडचण चाव्यांची. पक्षाची तिजोरी, उमेदवार निवड समिती आणि संघटनेचा सरचिटणीस ही तीन ठिकाणे ज्याच्या हाती नाहीत, तो अध्यक्ष नावापुरता. आपल्याकडे काँग्रेसच्या इतिहासात हे वारंवार दिसते. सुभाषबाबू १९३९ मध्ये प्रतिनिधींच्या मतांनी, सुमारे दोनशेच्या फरकाने निवडून आले. मात्र त्रिपुरीच्या अधिवेशनात, कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी असा ठराव झाला, कार्यकारिणी बनू शकली नाही आणि एप्रिलमध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या योग्यतेबद्दल कोण शंका घेईल? आचार्य कृपलानींनी १९४७ मध्ये अध्यक्षपद सोडले, कारण सरकार पक्षाध्यक्षाला विचारातच घेत नव्हते. पुरुषोत्तमदास टंडन १९५० मध्ये रीतसर निवडून आले. पुढच्याच वर्षी कार्यकारिणी कशी असावी यावरून नेहरूंशी मतभेद विकोपाला गेले आणि टंडन पायउतार झाले. तिघेही निवडून आले होते, पण निवडून देणारे प्रतिनिधी एकीकडे आणि रोजचा कारभार चालवणारे दुसरीकडे.

ब्रिटनच्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाने २००१ मध्ये शेवटचा शब्द सभासदांना दिला, तेव्हाही हेच झाले. इयान डंकन स्मिथ सभासदांच्या ६१ टक्के मतांनी जिंकले, पण १६६ खासदारांपैकी शेवटच्या फेरीत त्यांच्या मागे ५४ होते. ऑक्टोबर २००३ मध्ये खासदारांनीच ९० विरुद्ध ७५ मतांनी त्यांना हटवले.

भाषणाचा मुद्दा मला त्या मानाने कमी महत्त्वाचा वाटतो, तरी विषयाचा तज्ज्ञ आणि पक्षाचा नेता यांच्या बोलण्यात फरक असतोच. मेन्झीस कॅम्पबेल परराष्ट्र धोरणावर बोलत तेव्हा सभागृह ऐकत असे. २००६ मध्ये लिबरल डेमोक्रॅट्स या ब्रिटनमधल्या तिसऱ्या पक्षाचे हंगामी नेते झाल्यावर त्यांनी कायमस्वरूपी मुख्याध्यापक नसलेल्या शाळांचा प्रश्न विचारला. तेव्हा त्यांच्या पक्षालाच कायमस्वरूपी प्रमुख नव्हता, त्यामुळे सभागृहात हशा पिकला. नेत्याला आपल्या आवडीचा विषय निवडता येत नाही, शाळा-दवाखान्यांपासून करांपर्यंत सगळ्यावर त्याच आठवड्यात बोलावे लागते. पहिल्या काही आठवड्यांत जी प्रतिमा पडते ती पुसायला फार कष्ट पडतात. कॅम्पबेल दीड वर्षात गेले.

उलट क्लेमंट ॲटली हे बेताचे वक्ते, पण १९३५ ते १९५५ अशी वीस वर्षे मजूर पक्षाचे नेते राहिले. बैठका थोडक्यात आटोपणे, काम वाटून देणे आणि मंत्र्याला काढायचे तर आढेवेढे न घेता काढणे, हे त्यांना जमत होते.

म्हणून माझी विनंती आहे की नेता निवडताना पक्षांनी भाषणांपेक्षा वेगळे प्रश्न विचारावेत. या व्यक्तीने जवळच्या माणसाला कधी उमेदवारी नाकारली आहे का? विधिमंडळ किंवा संसदीय पक्षातले किमान निम्मे सदस्य त्याच्या बाजूने आहेत का? की पहिल्या फेरीत तिसरा आणि शेवटी सगळ्यांची तडजोड म्हणून पहिला, असे झाले आहे? सरचिटणीस आणि खजिनदार नेमण्याचा अधिकार पद स्वीकारण्याआधी लेखी ठरला आहे का? नाराजांना समजावणारा, जिल्ह्याजिल्ह्यांतली माणसे नावाने ओळखणारा एक सहकारी सोबत आहे का? आणि तो सहकारी उद्या स्वतः अध्यक्षपदाचा दावेदार नाही ना?

वृत्तपत्रांनीही नव्या अध्यक्षाच्या पहिल्या भाषणाइतकीच जागा त्याच्या पहिल्या नेमणुकांना द्यावी.

आपला,
एक नियमित वाचक