स्क्रीन फिरली, मग विहिरीचं पाणी का सांडलं नाही?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

शहरातल्या एका अभियांत्रिकी कॉलेजात भरलेल्या प्रदर्शनाची बातमी आपल्या अंकात वाचली. ‘गुरुत्वाकर्षण बदलणारा मराठी आरपीजी’ असा मथळा होता आणि खाली विद्यार्थ्यांचं भरभरून कौतुक. कौतुकाबद्दल तक्रार नाही. पण बातमीदाराने तो गेम स्वतः खेळून बघितला असेल असं काही वाटत नाही. मी बघितला. मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते आणि पेपर तपासून झाले की रात्री रोल-प्लेइंग गेम (आरपीजी, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचे गेम) खेळत बसते. तेव्हा या विषयात दोन शब्द बोलायचा हक्क मला आहे, असं मी धरून चालते.

कल्पना झकास आहे. पन्हाळ्याच्या अंधारबावेसारखी तीन मजली वास्तू, तळाला विहीर, वरच्या मजल्यावर कोंडलेला आपला शिलेदार. बटण दाबलं की स्क्रीन नव्वद अंशांत फिरते, भिंतीची जमीन होते आणि गडी तिच्यावरून चालू लागतो. पोरं ‘नाद खुळा’ म्हणून ओरडत होती. मीही मनातल्या मनात ओरडले. मग माझं लक्ष मशालीकडे गेलं. भिंत फिरली तशी तिच्यावरची मशाल फिरली, इथवर ठीक. पण ज्योतही तिच्याबरोबर आडवी झाली होती. ज्योत वर जाते ती तापलेली हवा हलकी होऊन वर चढते म्हणून, आणि वर कुठे हे गुरुत्वाकर्षण ठरवतं. अंतराळयानात वजन जाणवत नाही, तिथे मेणबत्तीची ज्योत जवळजवळ गोल होते. ओढीची दिशा बदलली तर ज्योतीने मशालीशी काटकोन करून वळायला हवं होतं. विहिरीतलं पाणी तर त्याहून वरताण. काठोकाठ भरलेलं, उभंच्या उभं, थेंबही न सांडता. गावकरी आपापल्या जागी, म्हणजे आता भिंतीवर, पालीसारखे चिकटून बोलत होते. आणि त्यांचे संवादही स्क्रीनबरोबर आडवे! आम्ही सगळे माना वाकड्या करून मराठी वाचत होतो.

स्टॉलवरच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, “मॅडम, कॅमेरा फिरवलाय आणि फक्त हिरोची ग्रॅव्हिटी बदललीय. बाकीच्यांचं करायला सबमिशनच्या आधी वेळच मिळाला नाही.” सरळ उत्तर दिलं पोराने, आवडलं. वेळेचं मी समजू शकते. पण कॅमेरा, म्हणजे गेमचं जग आपण ज्यातून बघतो ती नजर, फिरवणं आणि गुरुत्वाकर्षण फिरवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे त्या स्टॉलवर कुणी सांगत नव्हतं आणि आपल्या बातमीतही ते एकच होऊन गेलं. नुसता कॅमेरा फिरला तर गेमच्या जगात काहीच घडत नाही, फक्त आपण तिरके होऊन बघतो. नुसतं गुरुत्वाकर्षण फिरलं तर स्क्रीन जागच्या जागी राहते आणि पात्र भिंतीवर जाऊन पडतं. दोन्ही एकदम फिरली की वाटतं जगच कलंडलं, आणि मजा आहे ती यात. पण मग त्या जगातलं सगळंच कलंडायला हवं.

चित्र फिरवण्यात आता नवल राहिलेलं नाही. 1990 साली जपानात आलेल्या सुपर फॅमिकॉम या गेमिंग कन्सोलमध्ये मागचं चित्र गोल फिरवायची सोय यंत्रातच होती. 1997 च्या ‘कॅसलव्हेनिया : सिंफनी ऑफ द नाइट’मध्ये अख्खा किल्ला उलटा होऊन पुन्हा समोर येतो, पण उलटा झालेला असतो तो नकाशा, नायक नेहमीसारखाच खाली पडतो. 2010 च्या ‘व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही’मध्ये उडी मारायची सोयच नाही. ओढ उलटी करायची आणि छताकडे पडायचं, बास. तिथे हे पुरतं, कारण त्या पात्राकडे ना सामान, ना चिलखत, ना गावात कुणाशी देणंघेणं. आरपीजीत हे सगळं असतं. म्हणून मला वाटतं, आरपीजीत गुरुत्वाकर्षण आणायचं तर ते वजनातून आणि माणसांतून आणलं पाहिजे. तसं न केलेला गेम हे वर गोष्टीचा मुलामा दिलेलं कोडं आहे.

आधी वजन. बहुतेक आरपीजींत पोतडीतल्या प्रत्येक वस्तूला वजन असतं आणि ते आपण निव्वळ हिशेब म्हणून सांभाळतो. ‘स्कायरिम’मध्ये ओझं मर्यादेबाहेर गेलं की पळता येत नाही, वजनाचा जाच साधारण तेवढाच. आता त्या अंधारबावेत 20 मीटर लांबीचा व्हरांडा आहे समजा. गुरुत्वाकर्षण नव्वद अंशांत फिरलं की त्या व्हरांड्याचा 20 मीटर खोल आड होतो. या टोकाला उभा असलेला माणूस त्या टोकाला साधारण ताशी 71 किलोमीटर वेगाने आदळेल. हा हिशेब अकरावीचं कुठलंही पोर करून देईल. प्रदर्शनातला शिलेदार आदळला, कपडे झटकून उठला आणि चालू लागला. मी गेममध्ये कायम जड चिलखतवाला गडीच घेते, म्हणून पुढचं मुद्दाम सांगते : चिलखतामुळे तो जास्त वेगाने पडणार नाही, जड वस्तू जास्त वेगाने पडते ही समजूत गॅलिलिओच्या वेळीच निकालात निघाली. पण 60 किलोच्या गड्यावर 25 किलोचं चिलखत चढवलं, तर आदळतानाची ऊर्जा चाळीस टक्क्यांहून जास्त वाढते. म्हणजे तलवारीच्या घावापासून वाचवणारं चिलखत पडताना जिवावर उठेल. बटण दाबण्याआधी ते उतरवायचं की नाही, असा पेच मला कुठल्याही गेमने घातला तर मी खूश होईन.

मग माणसं. 1974 साली अमेरिकेत निघालेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा खेळ म्हणजे या सगळ्या आरपीजींचा मूळपुरुष. त्यात गुरुत्वाकर्षण उलटं करणारा मंत्र फार पूर्वीपासून आहे, पण तो सातव्या पातळीचा. तिथवर पोचेपर्यंत जादूगाराचा घाम निघतो. पडल्यावर इजाही मोजली जाते, दर दहा फुटांना एक फासा. त्या लोकांना कळत होतं की ही साधी शक्ती नाही, कारण मंत्र टाकला की त्या टप्प्यात जो कोणी मोकळा उभा असेल तो वर फेकला जातो, मित्र असो की शत्रू. इथे मात्र शिलेदार दर दोन मिनिटांनी जग फिरवतो आणि कुणाला काही होत नाही. विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईची घागर तरी कलंडू दे! पाणी सांडलं, विहीर रिकामी झाली, पुढच्या वेळी ती बाई शिलेदाराला बघून दार लावून घेते, पाणपोईवाला त्याला पाणी देत नाही. आता बटण दाबायला बोट पुढे होईल का? भूमिका वठवायची म्हणजे हेच ना?

तांत्रिक गोष्टी पोरांना माझ्यापेक्षा जास्त कळतात, तरी दोन सांगते. त्यांनी वापरलेल्या गोडो इंजिनमध्ये, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, पात्राची वर जाणारी दिशा ठरवायची सोय आहे आणि जमीन कोणती, भिंत कोणती हे त्यावरूनच मोजलं जातं. तीच सोय हिरोपुरती न ठेवता गावकऱ्यांनाही लावावी. आणि संवादाची चौकट कॅमेऱ्यापासून सुटी ठेवावी, म्हणजे माना वाचतील.

माझ्या भाचीला तो गेम खेळून मळमळलं. डोळे सांगतात सगळं फिरतंय आणि कानातलं तोल सांभाळणारं द्रव सांगतं आपण जागेवर आहोत. काहींना हे सोसत नाही. स्क्रीन न फिरवता नुसतं गुरुत्वाकर्षण बदलायचा पर्याय सेटिंगमध्ये द्यायलाच हवा. मोबाईलवर आणणार असतील तर आणखी एक पंचाईत आहे. आपल्याकडची पोरं अंथरुणात कुशीवर पडून खेळतात आणि फोन ऑटो-रोटेटने स्वतःच स्क्रीन फिरवतो. गेमने फिरवली की फोनने, हे कसं कळायचं?

शेवटी एक विनंती आपल्यालाही. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात स्वतःच्या हाताने सिनेमाचा कॅमेरा तयार केला, त्या गावातल्या दैनिकाला सिनेमाच्या परीक्षणासाठी दर आठवड्याला जागा सापडते. आता इथली पोरं मराठीत गेम करताहेत, तर त्यांचीही परीक्षणं छापा. कौतुकाची बातमी त्यांना फेसबुकवर टाकायला होते. कुठे काय फसलं हे कुणीतरी खेळून, नीट लिहून सांगितलं तर पुढच्या सेमिस्टरला त्याचा उपयोग होईल.

आपली,
भौतिकशास्त्राची एक शिक्षिका
मंगळवार पेठ, कोल्हापूर