दोन किलो बियाण्याची मागणी कोण नोंदवणार?

संपादक महोदय,

विधानसभेचं अधिवेशन आलं की भाताच्या आधारभूत किमतीवर खडाजंगी ठरलेली. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात, कुठलं बियाणं पडतं, याची चौकशी मात्र क्वचितच होते.

जुने गोवे इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने खाजनातल्या आपल्या पारंपरिक कोरगुट भातातूनच निवड करून ‘गोवा धान 1’ आणि ‘गोवा धान 2’ ही क्षार सोसणारी वाणं काढली. जमिनीची क्षारता मीटरमागे 3 डेसीसायमनच्या (क्षार मोजायचं एकक) वर गेली की साध्या भाताचा उतारा पुढच्या दर एककाला सुमारे 12 टक्के घटतो. रोप कोवळं असताना किंवा लोंबी बाहेर पडताना खारं पाणी आलं तर बघायलाच नको. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी अडवणाऱ्या दाराची, फळी कुजली, एक भरती आत आली, की ज्योती या साध्या वाणाच्या पानांची टोकं पांढरी पडून करपतात. कोरगुट तगतो, पण तो उंच वाढून लोळतो आणि पिकतोही कमी. नवी वाणं हवीत ती म्हणून.

घोडं अडतं ते बियाणं वाढवण्यात. आधी संशोधकांचं मूळ, म्हणजे पैदासकार बियाणं पिवळ्या खुणपत्राचं, त्यापासून पायाभूत पांढऱ्या, मग शेतकऱ्याला पेरायचं प्रमाणित निळ्या. प्रत्येक टप्प्याला एक सरद (पावसाळी) हंगाम जातो. 100 हेक्टर खाजनाला हेक्टरी 50 किलोने 5 टन प्रमाणित बियाणं लागेल. हेक्टरी अडीच टन उतारा धरला तर ते दोन हेक्टरांत होतं. त्या दोन हेक्टरांना 100 किलो पायाभूत बियाणं पुरतं आणि तेवढं पिकवायला चार गुंठे नि दोन किलो पैदासकार बियाणं बस्स! प्लॉट मात्र खाजनाबाहेरच्या, जरा उंचावरच्या खेर जमिनीत घ्यावा, दुसऱ्या भातापासून 3 मीटर सोडून. खाजनात घेतला तर गेल्या वर्षी सांडलेला कोरगुट मध्येच उगवतो, तांबडा दाणा मिसळतो आणि तपासणीत अख्खा प्लॉट बाद होतो.

दोन किलोंसाठी पैसा नाही, असं कोण म्हणेल? अडचण कॅलेंडरची आहे. आधारभूत किमतीची रक्कम त्याच वर्षी खात्यात दिसते. बियाण्याचं श्रेय दोन-तीन वर्षांनी, तेव्हा कृषिमंत्रिपद कुणाकडे असेल कोण जाणे. दिल्लीतही तेच. 2024-25 च्या अर्थसंकल्पात खतांच्या अनुदानाला सुमारे 1.64 लाख कोटी रुपये, कृषी संशोधन व शिक्षण विभागाला 9,941 कोटी. युरियाचं 45 किलोचं पोतं 266 रुपये 50 पैशांत मिळतं, म्हणून साचलेल्या पाण्यातही मुठीने फेकलं जातं आणि त्यातलं बरंच नत्र अमोनिया होऊन उडून जातं.

आधारभूत किंमत बंद करा, असं आमचं म्हणणं नाही. तिच्यावर किलोमागे काही रुपये बियाणं पिकवणाऱ्याला जादा द्या आणि ते बियाणं कोण विकत घेणार हे आधीच लेखी ठरवा. नाहीतर तो ते भात म्हणून गिरणीवर घालणार, त्यात त्याची चूक नाही. यंदा ऑक्टोबरात मागणी नोंदवली, तरी निळ्या खुणपत्राचं पोतं कुळाच्या हाती पडायला तिसरा सरद उजाडेल.

— खाजन शेतीत काम करणारे काही कृषी पदवीधर, तिसवाडी