टार्गेट स्टँड उभे करून देणाऱ्या त्या दोघांचे मनापासून आभार

रायफल शूटिंगच्या मॅचच्या आदल्या दिवशी वारा-पाऊस एवढा झाला की ५० मीटर रेंजवरचे अर्धे टार्गेट स्टँड आडवे, लाकडी पाय जमिनीलगत कुजलेले होतेच, ते मोडले. दुसऱ्या क्लबमधून मुलीला प्रॅक्टिसला घेऊन आलेले एक काका आणि त्यांच्यासोबतच्या ताई, ओळख ना पाळख, स्वतःहून पुढे आले. फायरिंग बंद, सगळ्या रायफली रिकाम्या, बोल्ट (गोळी भरायची सरकती कडी) उघडे याची खात्री करूनच दोघं टार्गेटकडे गेले, हे मला फार आवडलं. काकांनी कुजका भाग कापून नवीन लाकूड जोडलं, लोखंडी पट्टी सोपी पडली असती पण गोळी त्यावर आपटून उलटू शकते म्हणून नाहीच म्हणाले. ताईंनी प्रत्येक टार्गेटचा मध्य फायरिंग पॉइंटच्या जमिनीपासून ०.७५ मीटरवर येतोय का ते पाणसळ लावून बघितलं, आणि अंधार पडल्यावर मोबाईलच्या उजेडात गवतातले खिळे एकेक वेचले, का तर सकाळी पोरं इथूनच टार्गेट बदलायला जाणार! चहालाही थांबले नाहीत, नावं विचारायची राहून गेली. मॅच वेळेवर सुरू झाली ती तुमच्यामुळेच, काका-ताई, खूप खूप आभार.