दुर्बीण झाली, मग परत कशाला?

इंदिरानगर, नाशिक
18 जानेवारी 2026

प्रिय अशोक,
स. न. वि. वि.

परवा फोनवर तू फणकाऱ्याने म्हणालास, "सुऱ्या, एकदा जठरात दुर्बीण घातली, फुगवट्याचा तुकडा तपासला, नॉर्मल आला. आता परत त्या ईयूएस नावाच्या दुसऱ्या दुर्बिणीसाठी पुण्याला कशाला बोलावतात? बिल फुगवायला!" मी तेव्हा गप्प बसलो. फोनवर तू कुणाचं ऐकून घेत नाहीस, हे चाळीस वर्षं बघतोय. पत्रात निदान मधे बोलता येत नाही.

इथे थंडीने जीव नकोसा केलाय. पांडवलेण्याकडचं सकाळचं फिरणं बंद. सिंहस्थाच्या नावाखाली इतके रस्ते खणलेत की घराबाहेर पडायचं म्हणजे हाडं मोजून निघायचं.

आधी माझी रडकथा ऐक, तुला अर्धीच माहीत आहे. गेल्या रंगपंचमीला नातवाला तिवंध्याची रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याचा तो जुना हौद, दाखवायला नेलं. आपण उडी मारायचो तिथे आता मी काठावर चप्पल सांभाळत उभा. येताना मिसळ झाली, रात्री पुरणपोळी झाली, आणि पहाटे बेंबीच्या वर अशी कळ उठली की थेट पाठीतून आरपार. पुढे वाकून बसलं की तेवढं जरा बरं. दवाखान्यात रक्त तपासलं तर लायपेज, म्हणजे स्वादुपिंडाचा पाचक रस, नेहमीच्या तिपटीच्या कितीतरी वर. स्वादुपिंडाला सूज. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "काका, घेता का?" मी नाही म्हणालो. संध्याकाळी दुसऱ्या डॉक्टरांनी तेच विचारलं. तिसऱ्या दिवशी चक्क तुझी वहिनी दारात उभी राहून म्हणाली, "रंगपंचमीला खरंच काही घेतलं नव्हतं ना?" अरे, आयुष्यभर कोरडा राहिलेला माणूस मी! पण या सुजेची दोन मोठी कारणं म्हणजे दारू आणि पित्ताचे खडे. खडे दिसत नाहीत म्हटल्यावर संशय बाटलीवरच जाणार.

आणि खडे का दिसत नव्हते? सोनोग्राफीचा रिपोर्ट घरी निवांत वाचला तेव्हा कळलं. वर ठळक अक्षरात 'नॉर्मल'. खाली बारीक अक्षरात 'आतड्यातील गॅसमुळे स्वादुपिंड व पित्तनलिकेचा खालचा भाग दिसला नाही'. आता तू सांग, ओझरच्या विमान कारखान्यात लँडिंग गिअरचा, म्हणजे चाकांच्या सांगाड्याचा, अर्धा भाग भेगा शोधणाऱ्या अल्ट्रासाउंडच्या प्रोबखाली न घेता आपण 'ओके' लिहून सही केली असती, तर साहेबांनी आपल्याला कुठे पाठवलं असतं? जे तपासलं नाही ते 'तपासलं नाही' म्हणून लिहायचं, हे आपल्याला पहिल्याच महिन्यात घोटवून घेतलं होतं. सेंटरचं नाव लिहीत नाही, पण तिथे परत जाणार नाही.

ऑगस्टमध्ये दुसरा झटका. सीटी झाला, त्यात सूज दिसली, खडा नाही. एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकेचा एमआरआय झाला, त्यातही नाही. पित्ताचे काही खडे पित्ताइतक्याच घनतेचे असतात, ते सीटीत मिसळून जातात. आणि चार-पाच मिलिमीटरच्या आतला कण एमआरसीपीतूनही निसटतो. तेव्हा या नव्या डॉक्टरांनी ईयूएस सुचवलं. एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड. दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफीचा प्रोब.

मी बाहेर आलो आणि कपाळावर हात मारला. एवढी साधी गोष्ट! हवेचा एक पापुद्रा मधे आला की अल्ट्रासाउंड तिथूनच परत फिरतं, म्हणून तर आपण जॉबवर, म्हणजे तपासायच्या भागावर, ग्रीस चोपडायचो. पोटावर जेल कितीही फासा, आतल्या गॅसचं काय करणार? मग प्रोबच आत न्यायचा. स्वादुपिंड जठराच्या पाठीमागे दडलेलं असतं, त्याचं डोकं लहान आतड्याच्या वळणात बसलेलं, आणि पित्तनलिका तिथूनच खाली उतरते. जठरातून, आतड्याच्या त्या वळणातून बघितलं की मधे फक्त एक पातळ भिंत. टोकाला पाण्याचा छोटा फुगाही फुगवतात. तेच आपलं कपलंट, मधली हवा घालवणारं ग्रीस! जवळ गेल्यावर फ्रिक्वेन्सी वाढवता येते. पोटावरून तीन ते पाच मेगाहर्ट्झ, आतून साडेसात, दहा, बारासुद्धा. फ्रिक्वेन्सी वाढली की खोली कमी, बारकावा जास्त. हे तुला मी काय सांगायचं!

ही युक्ती 1980 सालची, म्हणजे आपण सातपूरच्या आयटीआयमध्ये कानस घासत होतो तेव्हाची.

तारीख पडली 26 सप्टेंबर. वेटिंगमधल्या टीव्हीवर चंदीगडहून आपल्या ओझरच्या मिग-21 विमानांचा निरोप दाखवत होते आणि मी रात्रीपासून उपाशी. घशाखाली आवंढा का दाटला, हे शेजारच्या बाईंना कसं कळावं? त्या म्हणाल्या, "घाबरू नका, काही होत नाही." मग घशात कडू फवारा, दातांत प्लास्टिकची कडी, डाव्या कुशीवर झोप, हातात सुई. पुढचं काही आठवत नाही. दुर्बीण नेहमीपेक्षा जरा जाड असते म्हणे, पण मला पत्ता नाही. दिवसभर घसा खवखवला, एवढंच.

नंतर डॉक्टरांनी फोटो दाखवले. पित्तनलिकेच्या काळ्या पट्टीत एक पांढरा ठिपका आणि त्याच्या पाठीमागे काळी सावली. आपल्या भाषेत, बॅक वॉल इको, म्हणजे मागच्या भिंतीवरून येणारा प्रतिध्वनी, गायब! तीन मिलिमीटरचा खडा. पित्ताशयात खाली वाळूसारखा गाळ. त्याच भुलीत ईआरसीपी करून, म्हणजे दुर्बिणीतून पित्तनलिकेत शिरून, खडा काढला. थेट ईआरसीपी का केली नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, नळीत शिरायचं म्हणजे तिथूनच स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, म्हणून खडा आहे ही खात्री झाल्याशिवाय आम्ही हात घालत नाही. पटलं. दिवाळीनंतर पित्ताशयही काढलं. तेव्हापासून कळ नाही, आणि तुझी वहिनी माझ्याशी जरा आदराने बोलते.

आता तुझं. तुझ्या जठरात फुगवटा आहे, वरचं अस्तर गुळगुळीत आहे, आणि तुकडा नॉर्मल आला. लेका, तुकडा घेतला तो अस्तराचा! गाठ अस्तराखाली आहे. हे वरच्या भेगा दाखवणारा रंग, डाय पेनिट्रंट, मारून 'आत क्रॅक नाही' म्हणण्यासारखं झालं. पेनिट्रंट पृष्ठभागाचं सांगतं, पोटातलं नाही. ईयूएसमध्ये जठराची भिंत पाच थरांत दिसते, एक उजळ, एक काळा, अशी. तुझी गाठ कुठल्या थरातून उठलीय ते कळलं की निम्मा उलगडा. तिसऱ्या थरातली पांढरीशुभ्र असेल तर बहुधा नुसती चरबी, तिला कुणी हात लावत नाही. चौथ्या, स्नायूच्या थरातली काळपट असेल तर नीट बघावं लागतं, मग तिथल्या तिथे सुईने आतला नमुना घेतात. 22 गेजची सुई, पाऊण मिलिमीटरही जाड नाही. कधी तर गाठच नसते, शेजारचा अवयव बाहेरून दाबत असतो. हे तिन्ही साध्या दुर्बिणीला सारखेच दिसतात. म्हणून पुण्याला बोलावलंय.

रक्त पातळ करायची गोळी तुला चालू आहे, ते आधी सांग. मनाने बंद करू नकोस, ते सांगतील तेव्हाच. सोबत माणूस लागतोच, त्या दिवशी गाडी चालवता येत नाही. तुझा मुलगा बंगळूरहून येईल तेव्हा येईल, मी नाशिकहून सकाळची एसटी धरतो. तारीख तेवढी कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुरेश

ता. क. कंदी पेढे मिळाले. मला तुपकट बेताने सांगितलंय, म्हणून मी दोनच खाल्ले. डबा नातवाने संपवला. पुण्याला येताना दुसरा आण.