‘पालकांनी लक्ष द्यावे’ म्हणण्याआधी

मा. संपादक,

दिव्यांग मुलाच्या वहीत ‘पालकांनी घरी लक्ष द्यावे’ असा शेरा मारायला अर्धे मिनिट लागते. त्याच पालकांची मात्र दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयाच्या एका खेपेत दिवसाची मजुरी बुडते, आणि कागद जुळला नाही की दुसऱ्या दिवसाचीही. शाळेने हात द्यायचा तो आधी इथे.

यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज भरण्यापूर्वी वर्गशिक्षकांनी आधार कार्ड आणि शाळेचे जनरल रजिस्टर शेजारी ठेवून वाचावे. एकीकडे वडील ‘दत्ताराम’, दुसरीकडे ‘दत्ता’, जन्मतारखेत एखादा आकडा वेगळा. हे तेव्हाच निस्तरले नाही तर पुढे एसटीची सवलत, समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेतला दिव्यांग मुलींचा महिना 200 रुपयांचा भत्ता, सगळे तिथेच अडते. रुग्णालयात तपासणीचे तज्ज्ञ कोणत्या वारी बसतात, हे शाळेनेच फोन करून विचारावे. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना ते बहुधा ठाऊक असते. वडील मुंबईला असतील तर त्यांच्या सह्या गणपतीत नाहीतर शिमग्यात उरकून घ्याव्यात.

2016 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, त्यात अध्ययन अक्षमताही (वाचन, लेखन, गणित शिकताना येणारी अडचण) आहे. आपल्याकडे अजून कुबडी दिसली तरच मूल दिव्यांग! अशा मुलांना दहावीला तासामागे 20 मिनिटे जादा मिळतात, गरजेप्रमाणे लेखनिकही. या सवलतींचा अर्ज शाळेमार्फतच रत्नागिरीच्या कोकण विभागीय मंडळाकडे जातो. म्हणून प्रमाणपत्र तात्पुरते असल्यास त्यावरची मुदत आठवीतच पाहावी. ऐन फॉर्म भरताना ती संपलेली निघते. लेखनिकही सहामाहीपासून सोबत बसवावा. भूमितीची आकृती तोंडी सांगून काढून घेणे एका दिवसात जमत नाही.

श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलांचे पावसाळ्यात फार हाल होतात. दमट हवेने कानातल्या साच्याच्या नळीत पाण्याचे थेंब साचतात, आवाज बंद पडतो आणि मूल ‘ऐकत नाही’ म्हणून बोलणी खाते. रोज सकाळी यंत्र चालू करून ओंजळीत मिटावे. शिट्टी आली तर ठीक. नाही आली तर आधी सेल बदलावा, मग साचा यंत्रापासून सोडवून नळीत फुंकर मारावी. रात्री सेल काढून यंत्र झाकणाच्या डबीत सिलिका जेलसोबत ठेवायचे, हे आईला एकदा हातात देऊन दाखवावे. निळे दाणे गुलाबी झाले की बदलायचे. एक जादा सेल वर्गशिक्षकांच्या खणात असावा.

आणि काही शाळांत मुलाला शौचाला न्यायला आई दिवसभर पडवीत बसून असते. समग्र शिक्षामध्ये मदतनीस भत्त्याची तरतूद आहे. त्याचा प्रस्ताव मुख्याध्यापकांनी पाठवायचा असतो, आईने नव्हे.

– एक विशेष शिक्षक, जि. रत्नागिरी